सोडियम क्रोमोग्लिकेटचे डोळ्यांचे थेंब : एका फूलवालीचा अनुभव

सोडियम क्रोमोग्लिकेट, 2 टक्के, डोळ्यांत घालायचे थेंब. गेले काही हंगाम मी हे औषध वापरते आहे. आपला डोळ्यांच्या ॲलर्जीचा त्रास कधी सुरू होणार हे ज्यांना पंचांग बघून सांगता येतं, अशा माझ्यासारख्या माणसांसाठी याच्याइतकं चांगलं औषध मला दुसरं मिळालेलं नाही. ज्यांचा त्रास अवचित येतो आणि आला की तासाभरात थांबायला हवा असतो, त्यांनी मात्र फक्त याच्यावर विसंबू नये. चार दिवस घालतील, फरक दिसणार नाही, आणि बाटली कचऱ्यात जाईल. या औषधाला लोक नावं ठेवतात त्यातली बरीचशी या एकाच कारणानं.

आमचं दुकान पुण्यात, मंडईजवळ, सासऱ्यांच्या वेळचं. पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचं, आडत्याच्या गाळ्यावर माल बघायचा, भाव पटला की पोती टेम्पोत टाकायची, आणि आठाच्या आत दुकानात पाट्या मांडून पहिला हार ओवायला घ्यायचा. सासवडकडचा अष्टर, यवतकडची शेवंती, झेंडू तर चारी बाजूंनी येतो. श्रावण लागला की हाताला उसंत नसते. मग गणपती, गौरी, पितृपक्षात जरा शांतता, की लगेच नवरात्र. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे नुसता पिवळा आणि केशरी. बघणाऱ्याला डोळ्यांचं पारणं फिटल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांचं त्या दिवसांत काय व्हायचं ते सांगते.

आधी नाकाकडच्या कोपऱ्यात खाज. मग पापणीच्या आतून. चोळलं की वाढते, नाही चोळलं तर जीव जातो. डोळे लालभडक, पाणी थांबत नाही, आणि सकाळी उठल्यावर पांढरी चिकट तार निघते. उजेड सहन होत नाही. त्यात शिंका, एकामागून एक. गिऱ्हाईक समोर उभं असतं, देवाचा हार घ्यायला आलेलं, आणि हार बांधणारी बाई पदराने डोळे पुसते आहे. लोकांना वाटायचं डोळे आलेत, संसर्ग होईल. काही जण दुसऱ्या दुकानाकडे वळायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण माझ्या हातचा हार मापाला आणि गाठीला पक्का असतो.

शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टर मॅडमनी हातावर थेंब ठेवून, टोचून चाचणी केली. शेवंतीला गांधी उठली, गाजरगवताला उठली, घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांना थोडी उठली. शेवंती आणि गाजरगवत दोन्हीला का, तर ही सगळी एकाच कुळातली. झेंडू, शेवंती, अष्टर, सूर्यफूल, आणि ते रस्त्याकडेला माजणारं पांढऱ्या फुलांचं गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो. एकाची सवय शरीराला लागली की दुसऱ्यालाही ते ओळखतं आणि चवताळतं. पुणेकरांना यातलं एक माहीत असायला हवं. हे गवत आपल्या देशात नोंदलं गेलं ते पुण्यातच, 1955-56 च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. आज मुठेच्या काठापासून सोसायट्यांच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत पाऊस पडला की ते कमरेएवढं होतं. शेतात काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या हातांना, मानेला त्याने पुरळ उठतं. म्हणजे मला दोन बाजूंनी मार. दुकानात शेवंती, दुकानाबाहेर गाजरगवत.

"धंदा बदला" असं सांगणारेही भेटले. फुलांच्या धंद्यातल्या बाईला फुलं सोडायला सांगणं सोपं आहे, पण दोन मुलींची शिक्षणं याच पाट्यांवर झाली. आणि मला हे काम आवडतं. पहाटेच्या गुलछडीच्या वासाची सर दुसऱ्या कशालाच नाही.

आधी मी गोळ्यांवर होते. ॲलर्जीची साधी गोळी, रात्री एक. खाज कमी व्हायची, पण पहाटे साडेतीनला उठताना डोकं दगड झालेलं असायचं. यार्डात टेम्पो मागे येतोय, हमाल ओरडतोय, आणि आपण अर्धवट झोपेत, हे धोक्याचं आहे. काही गोळ्यांनी कमी गुंगी येते, त्या घेऊन बघितल्या. नाकाला फरक पडला, डोळ्यांना पुरेसा नाही. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमचा त्रास कधी सुरू होतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तो सुरू व्हायची वाट कशाला बघायची?" आणि त्यांनी हे थेंब लिहून दिले.

हे औषध करतं काय, ते मला माझ्या धाकटीने समजावलं. ती फार्मसी शिकते. आपल्या डोळ्याच्या अस्तरात, नाकात, श्वासनळीत, कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन आणि तसलीच दाहक द्रव्यं बारीक बारीक दाण्यांत भरून ठेवलेली असतात. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या या पेशींवर आयजीई नावाची प्रतिद्रव्यं चिकटून बसलेली असतात, आणि परागकण त्यांना येऊन भिडला की पेशी सगळे दाणे बाहेर टाकते. मी तिला म्हटलं, म्हणजे तेरड्याची बोंडं. पिकलेल्या तेरड्याच्या बोंडाला बोट लागलं की ते फटकन फुटतं आणि बी उधळतं, तसंच. ती म्हणाली, "हो आई, आणि हे औषध त्या बोंडाला फुटू देत नाही. पण एकदा फुटलं की उधळलेलं बी गोळा करून देत नाही."

मला तेवढ्यात सगळं कळलं. नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळ्या हिस्टामिन बाहेर पडल्यानंतर त्याची वाट अडवतात. क्रोमोग्लिकेट त्याच्या आधीच्या पायरीवर काम करतं, पेशीला दाणे सोडूच देत नाही. म्हणून ते आधी घालायचं, रोज घालायचं, आणि डोळे अगदी स्वच्छ असतानाही घालायचं. पहिल्याच थेंबाला थंडावा मिळेल ही अपेक्षा ठेवायची नाही. काहींना थोड्या दिवसांत फरक पडतो, काहींना दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

माझा नेम असा. दिव्याची अवस झाली की श्रावण लागतो, म्हणून त्याच्या पंधरवडाभर आधी बाटली फोडायची. तेव्हा डोळ्यांना काहीच होत नसतं आणि थेंब घालायचा कंटाळा येतो, पण सगळा फायदा त्या पंधरवड्यातच पेरलेला असतो. तिथून दिवसाला चार वेळा, प्रत्येक डोळ्यात एकेक थेंब, तुळशीचं लग्न लागेपर्यंत. पहाटे यार्डात निघायच्या आधी. दुकान मांडून झाल्यावर, हात साबणाने धुऊन. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. आणि रात्री झोपताना. चारातली एखादी वेळ रोजच चुकली तर आठवड्याभरात डोळा सांगतो. याचा अंमल शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून चार वेळा. याला उपाय नाही. ज्यांच्या नोकरीत दुपारी हात धुऊन आरशासमोर उभं राहायला मिळत नाही त्यांना हे जड जाईल, आणि माझ्या मते या औषधाची सगळ्यात मोठी अडचण हीच.

पहिल्या वर्षी गौरी आल्या तेव्हा मला फरक दिसला. खाज शून्य झाली असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी डोळे जड व्हायचे, शेवंतीची पोती रिकामी केली की थोडं पाणी यायचं. पण चोळावंसं वाटत नव्हतं. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्या दिवशी मी दरवर्षी संध्याकाळी सातला दुकान जावेच्या हाती देऊन आत जाऊन बसायचे, त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत तोरणं विकली. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा डोळ्यांत काजळ जसंच्या तसं होतं. गुंगी नाही, तोंडाला कोरड नाही, धडधड नाही. डोळ्यातून हे औषध रक्तात जवळजवळ जातच नाही, त्यामुळे बाकी शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. मला या औषधाबद्दल माया वाटते ती यामुळे. ते आपलं काम करतं आणि दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

आता बाटलीबद्दल. घातल्यावर क्षणभर चुरचुरतं, मनात दहा म्हणेपर्यंत थांबतं. थोडा वेळ धूसर दिसतं, तेवढ्यात कात्री हातात घ्यायची नाही. कधी घशात कडवट चव उतरते, कारण डोळ्यातून नाकात जाणारी बारीक नळी असते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून ठेवला की चवही येत नाही आणि औषधही वाया जात नाही. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. बाटली फोडली की चार आठवड्यांनी उरलेलं टाकून द्यायचं. मी क्रेटवर नाव घालायच्या मार्करनेच बाटलीवर तारीख घालते. पण 5 मिलिलिटरची बाटली तेवढी टिकतच नाही. दोन डोळे, चार वेळा, म्हणजे दिवसाला आठ थेंब. एखादा गालावर ओघळणारच. जेमतेम पंधरवडा जाते. म्हणजे हंगामाला बऱ्याच बाटल्या लागतात, आणि एका बाटलीची किंमत कमी वाटली तरी हिशेब हंगामाचा करायला हवा.

माझी थोरली कॉन्टॅक्ट लेन्स लावते आणि तिलाही उन्हाळ्यात डोळ्यांना खाज येते. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं टिकवण्याचं द्रव्य असतं, ते मऊ लेन्समध्ये शोषलं जातं. म्हणून लेन्स काढून थेंब घालायचे आणि निदान पंधरा मिनिटांनी लेन्स परत लावायची. खरं तर डोळे लाल असताना लेन्स लावूच नये, पण हे तिला सांगून ती ऐकते थोडीच.

मेडिकलमध्ये हे थेंब मागितले की पुष्कळदा उत्तर येतं, "ते आता कोण घेतंय, ओलोपॅटाडीन घ्या." ओलोपॅटाडीन मी वापरून बघितलं आहे, डॉक्टरांना विचारून, आणि त्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. ते दोन्ही कामं करतं. हिस्टामिनलाही अडवतं आणि मास्ट सेललाही सावरतं. 0.1 टक्केवालं दिवसातून दोनदा, 0.2 टक्केवालं एकदाच, आणि काही मिनिटांत खाज कमी होते. केटोटिफेनचे थेंबही याच जातीचे, दिवसातून दोनदा. ज्यांना चार वेळा जमणार नाही, ज्यांचा त्रास कधी येईल सांगता येत नाही, त्यांनी डॉक्टरांना यांच्याबद्दल जरूर विचारावं. बहुतेकांना तेच सोयीचं पडेल. मग मी क्रोमोग्लिकेटकडे परत का आले? मला महिनोन् महिने रोज घालायचं असतं, आणि इतक्या वर्षांचं, इतक्या लोकांनी वापरलेलं, शरीरात न शिरणारं औषध डोळ्यांत घालताना माझं मन निर्धास्त असतं. हंगामात एखाद्या दिवशी फारच झालं तर मॅडमनी ओलोपॅटाडीन जवळ ठेवायला सांगितलं आहे. दोन थेंबांच्या मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो.

केटोटिफेनची गोळीही मिळते. तीही मास्ट सेलवरचीच, आणि आपल्याकडे दम्याच्या, ॲलर्जीच्या मुलांना ती बरीच वर्षं दिली जाते. तिने झोप येते, भूक वाढते, वजन वाढतं, आणि दम्यात तिचा पूर्ण परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात. पहाटे उठणाऱ्यांच्या ती कामाची नाही, एवढंच मी माझ्यापुरतं सांगेन.

ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती आता. आमच्या शेजारच्या एका फूलवाल्याचा मुलगा, वय नऊ-दहा. उन्हाळा आला की त्याचे डोळे असे होतात की पोरगं उन्हात डोळे उघडत नाही. मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये जास्त, उष्ण आणि कोरड्या हवेत हा आजार दिसतो. त्याला व्हर्नल म्हणतात. पापणीच्या आतल्या बाजूला खडीसारखे उंचवटे येतात. कोणीतरी मेडिकलमधून कसलेतरी थेंब आणून दिले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र, सगळे खूश. मग दर उन्हाळ्यात तेच, आणि उन्हाळा संपला तरी तेच, चिठ्ठीशिवाय, नुसतं रिकामं खोकं दाखवून. त्या थेंबांत डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा मुलाच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. वेळेत गेले म्हणून बरं. असाच दाब वाढत राहिला तर डोळ्याची नस सुकते, काचबिंदू होतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइडने मोतीबिंदूही लवकर येतो.

स्टेरॉइड वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. डॉक्टर गरजेला देतात, थोडे दिवस, दाब मोजत, आणि तेव्हा ते डोळा वाचवतं. पण ते आपल्या मनाने, महिनोन् महिने घालायचं औषध नाही. अशा मुलांना लांब पल्ल्याला क्रोमोग्लिकेट, ओलोपॅटाडीन यांच्यासारखीच औषधं देतात, जास्तच असेल तर त्याच्यावरची वेगळी औषधं आहेत, आणि वयात येताना बहुतेकांचा हा आजार निवतो. तोपर्यंत नजर सांभाळायची असते. चोळणंही थांबवायचं, कारण सतत चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. तुमच्या घरात असं मूल असेल तर आत्ता उठा, बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरातलं नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं काही असेल आणि ते डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी लिहून दिलेलं नसेल, तर मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि दाब तपासून घ्या. बाटली मात्र मनाने एकदम बंदही करू नका, त्यांना दाखवा.

दम्याचंही बोलायला हवं, कारण हे औषध मुळात दम्यासाठीच निघालं. धाकटीने त्याची गोष्ट सांगितली तेव्हा मी सुईतला दोरा तसाच ठेवून ऐकत राहिले. भूमध्य सागराच्या काठी, इजिप्तकडे खेल्ला नावाची एक वनस्पती होते. आपल्या ओवा, बडीशेप, कोथिंबिरीच्या कुळातली, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलोऱ्याची. परदेशात गुच्छांत भरणा म्हणून तिची फुलं आजही घालतात. तिच्या बियांतलं खेलिन नावाचं द्रव्य आखडलेले स्नायू सैल करतं, म्हणून तिकडे फार जुन्या काळापासून ती औषधात आहे. त्या द्रव्यावरून नवनवी रसायनं बनवण्याचं काम इंग्लंडच्या एका औषध कंपनीत चालू होतं. तिथे रॉजर अल्टुनियन नावाचे डॉक्टर होते, 1922 साली सीरियात जन्मलेले, आणि त्यांना स्वतःला दमा होता. गिनीपिगच्या केसांतल्या कोंड्याची त्यांना ॲलर्जी. तर हे गृहस्थ त्या कोंड्याचा अर्क मुद्दाम श्वासात घेऊन स्वतःला दम्याचा झटका आणायचे, आणि प्रत्येक नवं रसायन आधी घेतल्यावर तो झटका किती अडतो ते मोजायचे. वर्षानुवर्षं. 1965 साली क्रोमोग्लिकेट हाती लागलं आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात अल्टुनियन विमान चालवायला शिकवत असत. विमानाच्या पंख्यावरून त्यांना औषधाची पूड फुफ्फुसात उडवणाऱ्या उपकरणाची कल्पना सुचली. 1987 मध्ये ते वारले.

फुलांनी आजारी पडणाऱ्या बाईला बरं करणारं औषध एका फुलोऱ्यातूनच निघावं, याचा मला झालेला आनंद मी कोणाला नीट सांगू शकत नाही. आणि दुसऱ्याच्या श्वासासाठी स्वतःचा श्वास पणाला लावणाऱ्या त्या माणसाला मी मनातून हात जोडते.

पण दम्यासाठी आज हे औषध घ्या असं मी कोणालाही सांगणार नाही, आणि हे नीट वाचा. माझ्या दिरांना दमा आहे. त्यांच्या तरुणपणी क्रोमोग्लिकेटचा पंप हे चांगलं रोखणारं औषध मानलं जायचं. पुढे श्वासातून घ्यायची स्टेरॉइड त्याच्यापेक्षा जास्त गुणकारी ठरली आणि हे मागे पडलं. आज दिरांना ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि श्वासनळी मोकळी करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आहे, आणि त्यांचा दमा ताब्यात आहे. पंपातलं स्टेरॉइड थेट फुफ्फुसात, मायक्रोग्रॅममध्ये जातं. वर सांगितलेल्या डोळ्यांच्या गोष्टीने घाबरून कोणी आपला पंप बंद करू नये. पंप ओढल्यावर चूळ भरायची, बस. आणि धाप लागलेली असताना क्रोमोग्लिकेट किंवा केटोटिफेन, कशाचाच उपयोग नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला तातडीचा पंप आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ दवाखाना.

नाकासाठी याचा स्प्रे असतो, मला तो मागितल्यावर सहज कधी मिळालेला नाही. नाकासाठी मॅडमनी मला दुसरा स्प्रे दिला आहे आणि तो बरा चालला आहे.

मिळण्याबद्दल. प्रत्येक मेडिकलमध्ये हे थेंब ठेवलेले नसतात. मी सदाशिव पेठेत, जिथे औषधांची घाऊक दुकानं आहेत त्या भागात चौकशी करते, किंवा नेहमीच्या दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून मागवते. कंपनीचं नाव सांगू नका, नावं बदलतात आणि सारख्या नावांनी घोटाळा होतो. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि "सोडियम क्रोमोग्लिकेट, 2 टक्के, डोळ्यांचे" असं म्हणा. काही खोक्यांवर क्रोमोलिन लिहिलेलं असतं, ते हेच. 4 टक्केवालंही येतं, चिठ्ठीवर जे असेल तेच घ्या. दुकानदाराने "त्याच्याऐवजी हे घ्या" म्हटलं तर आतलं द्रव्य वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. फुलांची, भाजीची, धान्याची, पिठाची कामं करणाऱ्या बायकांनो, डोळे सारखे लाल होत असतील तर एकदा चाचणी करून घ्या, आणि तुमचा हंगाम कधी सुरू होतो ते डॉक्टरांना महिन्यासकट सांगा. मला या औषधाचा गुण आला तो त्या एका माहितीमुळे. आमच्याकडे आषाढी एकादशी उरकली की मी पहिल्या दोन बाटल्या सांगून ठेवते, कारण नंतर दुकानदारही विसरतो आणि मलाही यार्डातून डोकं वर काढायला सवड नसते.